शाळेत छत्री गेली, बाळी सापडेना: भरून कोणी द्यायचं?

जून लागला की खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या शाळांच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा आणि रेनकोटांचा ढीग पडतो. पहिल्या पंधरवड्यातच "आमच्या पोराची छत्री कोण भरून देणार?" असं विचारत कोणीतरी पालक वर्गाच्या दाराशी उभे असतात. पालकांचं म्हणणं असं, की पोर दिवसभर शाळेच्या ताब्यात होतं, म्हणजे जबाबदारीही शाळेचीच. हेडमास्तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतात: 'किमती वस्तू आणू नयेत, हरवल्यास शाळा जबाबदार नाही.' कायद्याच्या दृष्टीने दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. पोर कोणाच्या ताब्यात होतं किंवा भिंतीवर काय लिहिलं होतं, यापेक्षा ती वस्तू त्या घटकेला कोणाच्या हवाली होती, हे आधी पाहावं लागतं. एवढं ठरलं की बाकीची बरीच भांडणं आपोआप सुटतात.

आधार आहे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा. आपली वस्तू काही कारणासाठी दुसऱ्याच्या हवाली केली आणि काम झाल्यावर ती परत मिळायची असेल, तर घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. कलम १४८ मध्ये या व्यवहाराची व्याख्या आहे. सांभाळायचं किती, ते कलम १५१ सांगतं: साधारण शहाणा माणूस तेवढ्याच किमतीची आणि तशाच प्रकारची स्वतःची वस्तू जितकी जपेल, तितकं. तेवढं जपूनही वस्तू गेली, तर कलम १५२ प्रमाणे घेणाऱ्यावर भरपाई येत नाही. वेगळा करार केला असेल तर गोष्ट निराळी. यासाठी पैसे मोजावे लागतात असंही नाही. फुकट सांभाळायला घेतली तरी जबाबदारी तीच.

हे शाळेला लावून पाहू. दुसरीतल्या मुलाच्या दप्तरातला डबा, कंपास, पाण्याची बाटली या वस्तू बाईंच्या हवाली कोणी केलेल्या नसतात. त्या मुलापाशीच असतात. मधल्या सुट्टीत डबा ग्राउंडवर राहिला आणि गेला, तर शाळेने तो भरून द्यावा असं म्हणता येत नाही. पण गॅदरिंगच्या नाचासाठी बाईंनी मुलीच्या कानातल्या बाळ्या काढायला लावल्या, रुमालात बांधून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि संध्याकाळी एकच बाळी परत आली, तर प्रकरण पूर्ण बदलतं. बाळ्या हवाली झाल्या होत्या. ड्रॉवरला कुलूप होतं का, खोलीत कोण ये-जा करत होतं, याचं उत्तर आता शाळेला द्यावं लागेल. सोन्याची जोडी शहाणा माणूस उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवत नाही. सुती रुमाल ठेवला असता तर चाललं असतं.

पालकांच्या सहसा लक्षात येत नाही अशी एक बाब इथे आहे. वस्तू दिली आणि परत मिळाली नाही, एवढं दाखवलं की पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करायचं ओझं घेणाऱ्यावर जातं. हवाली न केलेल्या वस्तूबाबत मात्र शाळेचा हलगर्जीपणा पालकांनाच दाखवून द्यावा लागतो, आणि ते अवघड असतं. म्हणून शिक्षकांनी काहीही काढून घेताना दोन ओळींची नोंद करणं त्यांच्याच फायद्याचं आहे: काय घेतलं, किती नग, किती वाजता, कुठे ठेवलं. परत देताना पालकांची सही. त्याहून बरं म्हणजे गॅदरिंगच्या आदल्या दिवशीच 'दागिने घरी काढून पाठवा' असा निरोप धाडावा.

जप्त केलेल्या वस्तूंचंही असंच. तासाला खेळतो म्हणून सरांनी बेब्लेड (फिरवायचा भोवरा) किंवा घड्याळ काढून घेतलं आणि कपाटात टाकलं, तर शिस्त लावण्याचा हक्क त्यांना असला तरी वस्तूची मालकी त्यांच्याकडे जात नाही. ती पालकांच्या हातात परत गेली पाहिजे. कपाटातून ती नाहीशी झाली तर 'आणलीच कशाला?' हे उत्तर होत नाही.

सापडलेल्या वस्तूचा नियम त्याहून चमत्कारिक वाटतो. कलम ७१ म्हणतं, दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ती आपण ताब्यात घेतली, तर सांभाळायला घेतलेल्या वस्तूइतकीच जबाबदारी आपल्यावर येते. ग्राउंडवर पडलेली अंगठी पाहूनही कोणी उचलली नाही, तर कायदा त्याला काही म्हणत नाही. शिपायाने ती उचलून ऑफिसात दिली की त्या क्षणापासून शाळा बांधील. हे ऐकून कोणी अंगठी तिथेच सोडून द्यायला नको, पण 'सापडलेल्या वस्तूंची पेटी' म्हणजे उघडं खोकं व्हरांड्यात ठेवून मोकळं होणं नव्हे, हे कळायला हवं.

मग भिंतीवरच्या त्या पाटीचा उपयोग काय? थोडा आहे. सोनं, जास्त पैसे, महागडं घड्याळ आणू नका असं शाळेने आधीच, पालकांना समजेल अशा भाषेत कळवलं असेल, तर तरीही पाठवणाऱ्या पालकांची बाजू लंगडी पडते. पण शाळेने स्वतः हातात घेतलेल्या वस्तूची जबाबदारी केवळ पाटी रंगवल्याने पुसली जात नाही. शिवाय काही वस्तू आणू नका असं म्हणताच येत नाही. चष्मा, कानाचं यंत्र, दम्याचा पंप या मुलाच्या गरजेच्या वस्तू आहेत. त्या आणू नयेत अशी सूचना काढण्यापेक्षा त्या कुठे ठेवायच्या, ते वर्गात ठरवावं. खेळाच्या तासाला चष्मा बाईंच्या टेबलावरच्या ठरलेल्या डबीत, एवढी सवयही पुरते.

वयाने फरक पडतो. चौथीतल्या मुलाने आपली बाटली उचलून दप्तरात ठेवावी, ही अपेक्षा रास्त आहे. अंगणवाडीतल्या किंवा एलकेजीतल्या चार वर्षांच्या पोराकडून ती धरता येत नाही. तिथे बूट काढणं, स्वेटर उतरवणं, डबा उघडणं ही कामं आयाच करते, म्हणजे व्यवहारात वस्तू तिच्याच हातात असते. म्हणून वय जितकं लहान, तितका शाळेचा भार जास्त. बालवाडीने 'तुमच्या मुलानेच हरवलं असेल' असं म्हणावं, यात फारसा अर्थ नाही.

'शाळा' म्हणजे नेमकं कोण, हेही पाहायला हवं. सरकारी मराठी शाळेत पहिली दाद वर्गशिक्षकांकडे, मग हेडमास्तरांकडे, मग एसडीएमसीकडे (शाळेची विकास व देखरेख समिती), आणि त्यावर तालुक्याच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात. खासगी शाळेत शिक्षक किंवा आया कामावर असताना हलगर्जीपणा करतील, तर उत्तरदायी संस्था असते. आयाच्या पगारातून परस्पर पैसे कापून प्रश्न मिटवणं बरोबर नाही. अंगणवाडी शिक्षण खात्याकडे येत नाही, ती महिला व बालकल्याण खात्याची, म्हणून तिथली तक्रार सीडीपीओंकडे (बालविकास प्रकल्प अधिकारी) जाते. बीईओ ऑफिसात ती घेऊन गेलात तर हेलपाटा होईल.

वाहनाचं तर ठरलेलंच भांडण. शाळेची स्वतःची बस असेल तर संस्था. पालकांनी मिळून लावलेली रिक्षा किंवा व्हॅन असेल तर तो व्यवहार पालक आणि रिक्षावाले मामा यांच्यातला. शाळेला त्यात ओढता येत नाही. वायव्य कर्नाटक परिवहनच्या लाल बसने मूल येत असेल आणि दप्तर गाडीत राहिलं असेल, तर त्याच दिवशी स्थानकावरच्या कंट्रोलरकडे आणि डेपोत विचारा. गाडीचा नंबर लक्षात नसतो, पण फेरीची वेळ आणि कुठून कुठे, एवढं सांगितलं तरी कंडक्टर कोण होता ते निघतं.

आता कायदा जरा बाजूला. शाळेतून 'गेलेल्या' वस्तूंपैकी बहुतेक कोणी नेलेल्याच नसतात, त्या बदललेल्या असतात. कारण साधं आहे: सगळ्यांचा गणवेश एक, स्वेटरचा रंग एक, बूट एकसारखे, आणि रेनकोट आठवडी बाजारातल्या एकाच दुकानातून घेतलेले. पाच वाजता घंटा होते, बाहेर पाऊस, चाळीस पोरं एका दारातून सुटतात, प्रत्येक जण हाताला लागेल ती निळी छत्री उचलतो. दोन गोष्टींनी हा गोंधळ बराचसा थांबतो. भिंतीला दोरी बांधून हजेरी क्रमांकाप्रमाणे छत्र्या अडकवायच्या, आणि सुटताना एका वेळी एकच बाक सोडायचा. चार-पाच मिनिटं जास्त जातात. नंतरची अर्ध्या तासाची शोधाशोध वाचते.

घरच्या बाजूने सगळ्यात मोठं काम खुणेचं. नाव घालतात सगळेच, पण ते टिकत नाही. बाटलीवरचा कागदी स्टिकर आठवड्यात निघतो, कारण कडेने पाणी शिरून कागद फुगतो. बाटली आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, स्टिकर लावा आणि त्यावरून पारदर्शक सेलोटेप बाटलीभोवती एक पूर्ण वेढा देऊन, शेवटी दोन सेंटिमीटर टेपवरच टेप येईल अशी चिकटवा. वरखालीही टेप स्टिकरच्या बोटभर बाहेर हवी. स्टीलच्या डब्यावर भांड्याच्या दुकानात मशीनने नाव घालून मिळतं. पण डब्यासारखंच झाकणावर आणि आतल्या भाजीच्या डबीवरही घाला, कारण हरवतं ते झाकण.

रेनकोटावर मार्करने लिहिलं की घडीच्या जागी शाई झिजते. कापडी पट्टीवर नाव लिहून ती शिवायची तर शिवण पाठीवर किंवा खांद्यावर घालू नका, सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. मानेपाशी अडकवायचा जो लूप असतो, त्यालाच पट्टी शिवा. स्वेटरसाठी पट्टीवर परमनंट मार्करने लिहून शाई पूर्ण वाळू द्या, वरून इस्त्री फिरवा आणि मग शिवा. ओल्या शाईची पट्टी पहिल्याच धुण्यात पसरते. काळ्या छत्रीच्या मुठीला रंगीत लोकर गुंडाळली की मूल दुरूनही आपली ओळखतं. पेन्सिलीचं मागचं टोक ब्लेडने दीडेक सेंटिमीटर तासून त्या लाकडावर क्रमांक लिहावा. ब्लेडचं काम मोठ्यांनीच करायचं.

नाव कोणत्या लिपीत, हा आपल्या भागातला खास प्रश्न आहे. मराठी शाळेतल्या बाईंना देवनागरी वाचता येते, पण व्हॅनचा ड्रायव्हर, बसचा कंडक्टर किंवा शेजारच्या कन्नड शाळेतल्या टीचर यांना ती येईलच असं नाही. एकाच आवारात मराठी आणि कन्नड शाळा भरत असेल तर हे रोज जाणवतं. म्हणून नावाखाली इयत्ता आणि हजेरी क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहा; तो सगळ्यांना वाचता येतो. अजून वाचता न येणाऱ्या पोरासाठी एकच छोटं चित्र ठरवा, मासा म्हणा, पान म्हणा, आणि तेच सगळ्या वस्तूंवर काढा. नाव आणि फोन नंबर मात्र दप्तराच्या आतल्या बाजूला असू द्या. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला पोराचं नाव बाहेरून वाचता येणं बरं नाही.

आणि तरीही एखादी वस्तू घरी आलीच नाही, तर त्या संध्याकाळी मुलाला काय विचारता यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. "कोणी घेतलं?" असं विचारलंत तर सहा वर्षांचं मूल तुम्हाला एक नाव देईल. खरं असेलच असं नाही. विचारलं म्हणून काहीतरी सांगायचं, एवढंच. "शेवटचं कुठं बघितलंस? जेवताना होतं का? नळावर नेलं होतंस का?" असं क्रमाने विचारा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वस्तूचं वर्णन टाका, कोणाचंही नाव टाकू नका. 'निळी छत्री, मुठीला लाल लोकर, बदलून गेली असल्यास कळवावे' एवढं पुरतं. 'बदलून गेली' असं लिहिलं की ज्याच्या घरी ती आहे तो न लाजता परत पाठवतो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी वर्गशिक्षकांना सांगा आणि डायरीत लिहा. किरकोळ वस्तू असेल तर आठवडाभर वाट पाहून विषय सोडून द्यावा, हे आमचं स्पष्ट मत. खोडरबरासाठी बीईओ ऑफिस गाठणारे पालक असतात, त्यातून पोराचंच वर्गातलं वजन जातं. पण वस्तू किमती असेल आणि शाळेच्या हवाली झालेली असेल, तर तोंडी बोलण्यावर थांबू नका. हेडमास्तरांच्या नावे अर्ज द्या, त्यात असा मजकूर असू द्या:

'दि. … रोजी गॅदरिंगच्या वेळी सकाळी सुमारे दहा वाजता वर्गशिक्षिकांनी माझ्या मुलीच्या (इयत्ता दुसरी, हजेरी क्र. …) कानातील बाळ्यांची जोडी काढून स्वतःकडे ठेवली. शाळा सुटताना त्यातील एकच बाळी परत मिळाली. खरेदीची पावती व फोटोची प्रत सोबत जोडली आहे. बाळी कोठे ठेवली होती व ती परत का मिळाली नाही, याची चौकशी करून सात दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.'

यात 'चोरी' हा शब्द नाही आणि कोणावर आरोपही नाही. दिली आणि परत मिळाली नाही, एवढीच वस्तुस्थिती आहे, आणि वर सांगितलेलं सिद्धतेचं ओझं तेवढ्याने सरकतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय.

भाषेची अडचण पुढे करून अर्ज परतवला जातो, अशी तक्रार सीमाभागात नवी नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मराठी बेळगाव जिल्ह्यात वापरात आहे हे कोणाला सांगायला नको. तरीही काम लवकर व्हावं म्हणून बीईओ ऑफिसला देताना मूळ मराठी अर्जाला एका पानाचा कन्नड गोषवारा जोडणं शहाणपणाचं. टेबलावरचा क्लार्क तोच वाचतो. बीईओ भरपाईचा आदेश काढतील अशी आशा धरू नका. ते हेडमास्तरांकडून खुलासा मागवतात, आणि बऱ्याचदा तडजोडीला तेवढाच दाब लागतो.

भरपाई म्हणजे नव्या वस्तूची किंमत नव्हे. दोन पावसाळे वापरलेला रेनकोट चारशेला घेतला होता म्हणून चारशे मागता येत नाहीत. सोन्याचं वेगळं: त्याची किंमत वजनावर निघते, म्हणून पावती जपून ठेवावी.

शाळेकडून सगळ्यात जास्त चूक होते ती झडतीत. पेन्सिल-बॉक्स गेला म्हणून एका पोराला उभं करून त्याचं दप्तर सगळ्यांसमोर उलटं करणं, खिसे चाचपणं, 'चोर' म्हणणं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही करायला मनाई करतं, आणि असं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वीस रुपयांच्या बॉक्ससाठी शिक्षक स्वतःला मोठ्या अडचणीत टाकतात. शोधायचंच असेल तर सगळ्या वर्गाला आपापलं दप्तर आपल्या बाकावर आवरायला सांगा: "आपलं नसलेलं काही आलं असेल तर पुढच्या टेबलावर ठेवा." बाईंनी पाच मिनिटं फळ्याकडे तोंड करून लिहीत राहावं. बरंच काही टेबलावर येतं. वर्गातल्या सगळ्यांकडून वर्गणी काढून भरून घेणं हाही अन्यायच.

कायदाही लहान मुलाला चोर मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीही कृती गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयातल्या मुलाला आपण काय करतोय याची पुरेशी समज नव्हती असं दिसलं, तर कलम २१ प्रमाणे तोही गुन्हा नाही. अशा मुलाच्या आईवडिलांवर आपोआप भरपाई येते, हाही गैरसमज. त्यांची स्वतःची काही चूक दाखवावी लागते. व्यवहारात समजूतदार पालक वस्तू परत करतात आणि विषय तिथेच संपतो.

पोलिसांकडे जायचं ते मोठ्या माणसावर संशय असेल आणि वस्तू किमती असेल तरच. पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. नोंद मात्र करून घेतात. संशय मुलावर असेल तर बालन्याय नियमांप्रमाणे घोर गुन्हा किंवा सोबत मोठी माणसं असल्याशिवाय एफआयआरच होत नाही, बाल कल्याण पोलीस अधिकारी स्टेशन डायरीत नोंद करतात. 'पोलिसांत देतो' ही पोराला घातलेली धमकी पोकळच असते, त्रास मात्र खरा होतो.

ग्राहक न्यायालयाचा रस्ताही फारसा उघडा नाही. शिक्षण संस्थांचं शिकवणं आणि त्याला जोडून येणारे उपक्रम ग्राहक कायद्यात बसत नाहीत, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलं आहे.

पाठ्यपुस्तक हरवलं तर वेगळी वाट आहे. कोल्हापूर किंवा चंदगडहून बालभारतीचं पुस्तक आणून उपयोग नाही, आपला अभ्यासक्रम कर्नाटकाचा. कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाची पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट मिळतात. चालू धडा तेवढा छापून घ्या आणि जादा प्रत शिल्लक आहे का ते हेडमास्तरांना विचारा.

सापडलेल्या वस्तूंसाठी शाळेला कुलूपवालं एक कपाट आणि एक वही पुरते. वहीत सहा रकाने: तारीख, वस्तू, कुठे सापडली, कोणी आणून दिली, कोणाला परत दिली, सही. 'कुठे सापडली' हा रकाना लोक गाळतात, पण महिन्याभराने तोच कामाला येतो. दहातल्या सात बाटल्या नळावर सापडत असतील तर नळापाशी एक फळी ठोकली की झालं. शनिवारी सकाळची शाळा सुटण्याआधी कपाट उघडून वस्तू मुलांना दाखवाव्यात. दागिने आणि पैसे या कपाटात नकोत, ते ऑफिसच्या तिजोरीत, आणि त्यांचं वर्णन फलकावर अर्धंच लिहावं. 'एक कानातलं सापडलं' इतकंच, बाकीची खूण मागायला येणाऱ्याने सांगायची. एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशी उरलेल्या वस्तूंची यादी लावावी, आणि नवं वर्ष सुरू होऊनही कोणी आलं नाही तर एसडीएमसीत ठराव करून स्वेटर, छत्र्या, डबे ज्या मुलांकडे नाहीत त्यांना द्यावेत. ठरावात वस्तूंची यादी असावी आणि वाटप कोणाला झालं ते वर्गात जाहीर करू नये.